रुग्णपत्रातील हरवलेला कर्ता
इंग्रजी ‘पॅसिव्ह व्हॉइस’ आणि आपला कर्मणी प्रयोग



या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर आपण एरवी द्रव्यगुण, भैषज्यकल्पना, पंचकर्म आणि रुग्णानुभव यांविषयी वाचतो. त्यांत इंग्रजी व्याकरणावरील लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु जुन्नर-आंबेगाव परिसरात व्यवसाय करणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकास आठवड्यातून एकदा तरी इंग्रजीत काही लिहावे लागते. मंचर, नारायणगाव वा पुण्याच्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठविताना संदर्भपत्र लिहावे लागते. विमा कंपनीला दाखला द्यावा लागतो. परिषदेसाठी शोधनिबंध तयार करावा लागतो. औषधनिर्मात्यांना तर उत्पादनाच्या नोंदी, लेबल आणि माहितीपत्रक यांतून सुटका नाही. या सर्व लेखनात एक वाक्यरचना आपल्या हातून नकळत वारंवार उतरते आणि पुष्कळदा ती आपला घात करते. ती म्हणजे ‘पॅसिव्ह व्हॉइस’. (मुद्रणाच्या सोयीसाठी लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत.)

एक अनुभव

हा विषय मला का सुचला, ते प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी आंबेगावच्या पश्चिम भागातील एक आजी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आल्या. नाडी, जिव्हा पाहून इतिहास विचारता कळले की, त्यांना मधुमेह आहे आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी गोळ्या स्वतःहून बंद केल्या आहेत. शेजारणीने कडू रस सुचविला होता. तो सुरू केल्यावर गोळ्यांची गरज काय, असा त्यांचा हिशेब. रक्तशर्करा बरीच वाढलेली होती. मी त्यांना त्याच दिवशी एका मोठ्या रुग्णालयात पाठविले आणि सोबत इंग्रजीत पत्र दिले. त्यात एक वाक्य होते : ‘हर टॅब्लेट्स फॉर डायबिटीस वेअर स्टॉप्ड फिफ्टीन डेज अगो.’

माझ्या मनातले मराठी वाक्य असे होते : ‘मधुमेहाच्या गोळ्या पंधरा दिवसांपूर्वी बंद केल्या आहेत.’ त्यात ‘आजींनी’ हा शब्द अध्याहृत होता. मला तो ऐकू येत होता. कागदावर मात्र नव्हता. तेथील डॉक्टरांनी वाचले की गोळ्या बंद केल्या गेल्या. पत्र वैद्याचे, तेव्हा बंद करणारा वैद्यच, असे त्यांना वाटले तर दोष कुणाचा? आजी घरी परतल्या तेव्हा त्यांच्या कार्डावर ‘आयुर्वेदिक उपचारकाने गोळ्या थांबविल्या’ अशा अर्थाची नोंद होती.

माझ्या नावाला लागलेला डाग ही त्यातील लहान गोष्ट. मोठी गोष्ट पुढे घडली. गोळ्या वैद्याने बंद केल्या अशी समजूत झाल्यामुळे आजींना ‘गोळ्या आपल्या मनाने सोडू नका’ हे कोणी समजावून सांगितलेच नाही. दोन महिन्यांनी त्यांनी त्या पुन्हा सोडल्या. ज्याला सांगायला हवे होते तो कर्ता माझ्या वाक्यातून हरवला होता, म्हणून सल्लाही हरवला. ‘शी स्टॉप्ड हर टॅब्लेट्स फॉर डायबिटीस ऑन हर ओन, फिफ्टीन डेज अगो’ एवढे सरळ वाक्य लिहिले असते तर काम भागले असते.

इंग्रजीतील दोन व्हॉइस

शाळेत शिकलेले थोडे उजळून घेऊ. ‘द वैद्य गिव्हज द डिकॉक्शन’ हे ॲक्टिव्ह व्हॉइसचे वाक्य. क्रिया करणारा, म्हणजे वैद्य, वाक्याच्या आरंभी आहे. ‘द डिकॉक्शन इज गिव्हन बाय द वैद्य’ हे पॅसिव्ह व्हॉइसचे. ज्यावर क्रिया घडते तो काढा आरंभी आला आणि वैद्य ‘बाय’ या शब्दाच्या मागे शेवटी गेला.

हा बदल करताना तीन गोष्टी घडतात. पहिली, कर्म हे उद्देश्याच्या जागी येते. दुसरी, मूळ क्रियापदाचा काळ ‘बी’ या साहाय्यक क्रियापदाच्या रूपात जातो आणि मूळ क्रियापद तिसऱ्या रूपात येते : इज गिव्हन, वॉज गिव्हन, हॅज बीन गिव्हन, विल बी गिव्हन, चालू क्रियेसाठी इज बीइंग गिव्हन, विधीसाठी शुड बी गिव्हन किंवा मस्ट बी गिव्हन. तिसरी, कर्ता ‘बाय’सह शेवटी जातो.

या तिसऱ्या गोष्टीतच सारे मर्म आहे. ‘बाय द वैद्य’ हे शब्द गाळले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. ‘द डिकॉक्शन इज गिव्हन.’ काढा दिला जातो. कोण देतो, हे सांगण्याचे बंधन नाही. इंग्रजीच्या ॲक्टिव्ह विधानवाक्यात कर्ता गाळता येत नाही. पॅसिव्हमध्ये तो बिनदिक्कत गाळता येतो आणि व्यवहारात बहुधा गाळलाच जातो. म्हणून इंग्रजीत पॅसिव्ह ही लेखकाने निवडलेली रचना असते. ती निवडली की वाचक समजतो : कर्ता लेखकाला ठाऊक नाही, किंवा महत्त्वाचा वाटत नाही, किंवा त्याला तो सांगावयाचा नाही. हा तिसरा संशय आपल्या पत्रांवर ओढवून घेण्याचे कारण काय?

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

आपल्या पिढीतील बहुतेकांच्या मनात एक समीकरण पक्के बसलेले आहे : कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. भाषांतराच्या वाटेने इंग्रजी शिकण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. त्या पद्धतीचे ऋण मोठेच. पण भाषांतराने शिकताना दोन भाषांतील जवळच्या रचना एकच आहेत असे वाटू लागते, आणि येथे चूक होते.

कर्तरी, कर्मणी आणि भावे या संज्ञा मराठीत संस्कृत व्याकरणातून आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. मराठीतील प्रयोगविचार मुख्यतः क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावर उभा आहे. कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, दोहोंप्रमाणे न बदलता तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनी राहिले तर भावे.

आता औषधालयातील वाक्ये घेऊ. ‘मी चूर्ण चाळतो’ हे कर्तरी. हीच गोष्ट काल घडली असेल तर आपण म्हणतो ‘मी चूर्ण चाळले’, ‘मी वटी वळली’, ‘मी काढा उकळला’. क्रियापद चूर्ण, वटी, काढा यांच्याप्रमाणे बदलले. म्हणजे कर्मणी प्रयोग झाला. पण हा प्रयोग आपण निवडला का? नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की मराठीत तो बहुधा आपोआप होतो. कर्ता मागे ढकलण्याचा हेतू त्यात मुळीच नसतो. ‘मी’ तर वाक्याच्या अग्रभागी उभा आहे. अशा वाक्याचे खरे इंग्रजी ‘आय सिफ्टेड द पावडर’ हे सरळ ॲक्टिव्हच होय. कर्मणीला पॅसिव्ह मानणारा मात्र तेथे ‘द पावडर वॉज सिफ्टेड’ लिहितो आणि स्वतःला वाक्यातून वजा करतो.

भावे प्रयोगाचेही तसेच. ‘वैद्यांनी आजींना तपासले’ येथे क्रियापद ना वैद्यांप्रमाणे बदलले ना आजींप्रमाणे. इंग्रजीत मात्र ‘द वैद्य एक्झामिन्ड हर’. पुन्हा ॲक्टिव्हच. उलट ‘रुग्ण पथ्य विसरला’ या वाक्यात कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी प्रयोग कर्तरी आहे. कारण विसरणे, बोलणे, शिकणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात. यावरून स्पष्ट होते की, मराठीतील प्रयोग क्रियापदाच्या जातीवर, काळावर आणि कर्माच्या प्रत्ययावर अवलंबून आहे. इंग्रजीतील व्हॉइस लिहिणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. दोघांची जात वेगळी.

इंग्रजी पॅसिव्हला मराठीत जवळची रचना आहे ती ‘रुग्ण तपासला गेला’, ‘वैद्याकडून औषध दिले गेले’ ही. व्याकरणाची पाठ्यपुस्तके तिला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात आणि इंग्रजी वळणाशी तिचे नाते सांगतात. घरात ‘आईकडून भाजी चिरली गेली’ असे कोणी म्हणत नाही. सरकारी पत्रव्यवहारात मात्र तिचा सुकाळ आहे, आणि तेथेही कोणी केले हे न सांगता काही तरी ‘केले गेले’ असते.

दुसरी अडचण अध्याहृत कर्त्याची. मराठीत संदर्भाने कळणारा कर्ता आपण सहज गाळतो. ‘काल काढा घेतला, रात्री दोनदा जुलाब झाले, मग काढा थांबवला.’ ऐकणाऱ्याला सारे कळते. हे इंग्रजीत नेताना कर्त्याची जागा भरावीच लागते. ती न भरता वाक्य पुरे करण्याची सोपी पळवाट म्हणजे पॅसिव्ह. भ्रमणध्वनीवरील यंत्रभाषांतराने ही अडचण सुटत नाही. कागदावर नसलेला कर्ता यंत्राला कोठून कळणार? ते एक तर पॅसिव्ह लिहिते किंवा अंदाजाने कर्ता घालते. म्हणून यंत्राकडे वाक्य देण्यापूर्वी मराठीतच कर्ता लिहावा.

जुन्नरच्या शिळेवरील साक्ष

‘मी केले’ या मराठी रचनेचे मूळ पाहावयाचे तर आपल्याला दूर जावयास नको. संस्कृतातील ‘मया कृतम्’ या धाटणीची वाक्ये प्राकृतात रूढ होत गेली आणि त्यांतूनच ‘म्या केले’, ‘मी केले’ हे आजचे रूप आले. म्हणजे आपला भूतकाळ मूळच्या कर्मणी धातुसाधितावर उभा आहे. या वाटेवरचा एक टप्पा जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत दिसतो.

मानमोडी डोंगरातील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य आयम याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, आणि मंडप यांचे दान केल्याची नोंद आहे; वर्ष ४६ दिले आहे. लेखाच्या शेवटी ‘कतो’ असा शब्द येतो. तोच संस्कृत ‘कृत’, म्हणजे केलेला. दानासाठी शब्द आहे ‘देयधम’. यातील ‘देय’ म्हणजे द्यावयाचे, हेही कर्मणी अर्थाचेच रूप. जुन्नर परिसरातील दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिल्याचे म्हटले आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा होता, त्याचे आणि त्याच्या पित्याचे नाव कोरलेले आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शब्द कर्मणी अर्थाचे असूनही कर्ता कोठे हरवलेला नाही. ‘टाके केले गेले’ एवढे लिहून कोणी थांबले नाही. कोणाचे, कोणत्या गावचा, कोणाचा पुत्र, कोणती श्रेणी, हे सारे दगडावर कोरले. कर्मणी वाक्यात कर्ता गाळलाच पाहिजे असा नियम नाही. ती सवय आपण लावून घेतली.

चतुष्पाद आणि कर्ता

चिकित्सेचे चार पाद आपणांस मुखोद्गत आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. रुग्णपत्रातील जवळजवळ प्रत्येक क्रियापदाचा कर्ता या चौघांपैकी एक असतो. औषध वैद्य देतो, परिचारक पाजतो, रुग्ण पितो, द्रव्य कार्य करते. ‘मेडिसिन वॉज डिसकंटिन्यूड’ या वाक्यात हे चारही पाद अंधारात आहेत. वैद्याने थांबविले असेल तर तो निर्णय. सुनेने थांबविले असेल तर गैरसमज. रुग्णाने सोडले असेल तर कंटाळा किंवा पैशांची अडचण. औषधाने उलटी झाल्यामुळे थांबले असेल तर तो द्रव्याचा परिणाम, आणि औषध-दक्षता यंत्रणेकडे कळविण्याजोगी गोष्ट. घटना एकच, पण पुढील उपाय चार प्रकारचे.

आपल्या संहितांची भाषा याबाबतीत किती सावध आहे पाहा. ‘पिबेत्’ आणि ‘पाययेत्’ ही दोन्ही रूपे आपण शेकडो वेळा वाचली आहेत. पहिल्यात पिणारा रुग्ण कर्ता आहे. दुसरे प्रयोजक रूप, त्यात पाजणारा वैद्य किंवा उपस्थाता कर्ता आहे. वाक्यात कर्त्याचा शब्द नसला तरी क्रियापदानेच जबाबदारी कोणाची ते सांगितले. इंग्रजीत हा भेद ‘टेक’ आणि ‘ॲडमिनिस्टर’ या दोन क्रियापदांनी राखता येतो. ‘शी टुक द घृत ॲट होम’ आणि ‘वुई ॲडमिनिस्टर्ड द घृत ॲट द क्लिनिक’ यांत स्नेहपान कोणाच्या देखरेखीखाली झाले ते उघड आहे. ‘घृत वॉज गिव्हन’ मध्ये ते कळत नाही.

नेहमीच्या चार चुका

पहिली : अकर्मक क्रियापदांचा पॅसिव्ह. ‘द पेशंट वॉज सफर्ड फ्रॉम फीव्हर’, ‘पेशंट वॉज डाइड’, ‘पेशंट वॉज कम विथ कफ’ अशी वाक्ये जुन्या पत्रांत आढळतात. ज्या क्रियेला कर्म नाही तिचा पॅसिव्ह होत नाही. ‘सफर्ड फ्रॉम’ किंवा ‘वॉज सफरिंग फ्रॉम’, ‘डाइड’, ‘केम विथ’ एवढेच लिहावे.

दुसरी : रुग्णालाच वैद्य करून टाकणे. ‘द पेशंट वॉज ॲडव्हायझिंग रेस्ट’ म्हणजे रुग्ण इतरांना विश्रांतीचा सल्ला देत होता! अभिप्रेत होते ‘वॉज ॲडव्हाइज्ड रेस्ट’. ‘आयएनजी’ रूप आणि तिसरे रूप यांतील एवढ्याशा फरकाने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते.

तिसरी : दोन कर्मे असलेली क्रियापदे. ‘द पेशंट वॉज गिव्हन द डिकॉक्शन’ आणि ‘द डिकॉक्शन वॉज गिव्हन टू द पेशंट’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्याचा अर्थ ‘रुग्ण दिला गेला’ असा लावून पुष्कळ जण बिचकतात. तसे कारण नाही. पण ‘द डिकॉक्शन वॉज गिव्हन द पेशंट’ असे लिहिण्याचे टाळावे. वाचणारा क्षणभर अडखळतो.

चौथी, आणि सर्वांत धोक्याची : शक्य कर्मणीचा पॅसिव्ह करणे. ‘आजींना काढा पिववत नाही’ याचा अर्थ त्यांना तो पिणे शक्य होत नाही, बहुधा कडूपणामुळे किंवा मळमळीमुळे. याचे भाषांतर कोणी ‘द डिकॉक्शन कॅनॉट बी टेकन’ असे केले, तर वाचणारा समजेल की काढा घेण्यास मनाई आहे. एका लक्षणाचा निषेध झाला! योग्य वाक्य ‘शी इज अनेबल टू ड्रिंक द डिकॉक्शन’. तसेच ‘आता त्यांना जिना चढवतो’ याचे ‘शी कॅन क्लाइम्ब द स्टेअर्स नाऊ’.

पॅसिव्ह केव्हा योग्य

येथवर वाचून पॅसिव्ह सर्वथा त्याज्य आहे असा समज होऊ नये. विषद्रव्यही योग्य मात्रेत औषध होते. जेथे कर्ता खरोखर अज्ञात आहे तेथे तो हवाच : ‘शी वॉज बिटन ॲट नाइट, द स्नेक वॉज नॉट सीन.’ येथे दंश झालेली स्त्री महत्त्वाची आहे आणि साप कोणी पाहिलेला नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. मात्र लगेच पुढे ‘अ टूर्निके वॉज टाइड’ एवढेच लिहून थांबू नये. दोर घरच्यांनी बांधला की अन्य कोणी, किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरांना हवे असते.

शोधनिबंधातील कृतीच्या वर्णनातही पॅसिव्ह शोभतो. ‘वत्सनाभ वॉज प्युरिफाइड इन काउज यूरिन, वॉश्ड अँड ड्राइड.’ येथे शोधनाची कृती हाच विषय आहे. ती कोणीही केली तरी तशीच व्हावयास हवी. पण त्याच निबंधात निर्णयाची वाक्ये येतात तेथे कर्ता दाखवावा. ‘थ्री पेशंट्स वेअर एक्सक्लूडेड’ लिहिले तर वाचक विचारणारच की कोणी व का वगळले. ‘वुई एक्सक्लूडेड थ्री पेशंट्स बिकॉज दे हॅड स्टॉप्ड ट्रीटमेंट’ हे प्रामाणिक वाक्य होय. कृतीला पॅसिव्ह, निर्णयाला ॲक्टिव्ह, एवढे सूत्र ध्यानी ठेवले तरी पुरे.

औषधनिर्मात्यांसाठी

औषध आणि प्रसाधने नियमांतील ‘शेड्यूल टी’ अन्वये आयुर्वेदिक औषधनिर्मितीसाठी उत्तम निर्मिती पद्धतींचे निकष २००० साली लागू झाले. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवून देणाऱ्या आणि ते बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना त्यातून सूट आहे; औषधशाळांना नाही. कच्चा माल आला केव्हा, तपासला कसा, स्वीकारला की नाकारला, कोणत्या बॅचमध्ये वापरला, याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या नोंदी बहुधा पॅसिव्हमध्ये असतात : ‘रिसीव्ह्ड’, ‘टेस्टेड’, ‘अप्रूव्ह्ड’. तक्त्यात हे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक शब्दाशेजारी नाव, स्वाक्षरी आणि दिनांक यांचे रकाने असतात, ते वाक्यातून गाळलेल्या कर्त्याचीच जागा होत. तो रकाना रिकामा राहिला किंवा एकाच हाताने महिन्याच्या शेवटी भरला गेला, तर ‘टेस्टेड’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

कच्च्या मालाच्या बाबतीत आपल्या भागाला एक अधिकची जबाबदारी आहे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. बाळहिरडा झाडावरून उतरवून, वाळवून विकणे हा तेथील घरांच्या वर्षाच्या मिळकतीचा भाग आहे. माहितीपत्रकात मात्र आपण लिहितो : ‘हरीतकी इज कलेक्टेड फ्रॉम द भीमाशंकर रीजन.’ स्थान सांगितले, हात सांगितले नाहीत. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. वन हक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावरील आदिवासींचे हक्क मान्य झाले. तेव्हा हिरडा कोणी, कोणत्या जागेतून आणि कोणत्या हक्काने गोळा केला, ही केवळ शैलीची बाब उरत नाही. खरेदीच्या नोंदीत गोळा करणाऱ्या गावाचे वा गटाचे नाव, काढणीचा काळ आणि बाळहिरडा की पक्व, हे लिहिले तर मालाची प्रतही पडताळता येते आणि श्रमाची नोंदही राहते.

लेबलाविषयी एक सूचना. ‘शेड्यूल ई (१)’ मधील द्रव्ये, उदाहरणार्थ वत्सनाभ, भल्लातक, हिंगूळ, पोटात घ्यावयाच्या औषधात असतील तर ‘कॉशन : टू बी टेकन अंडर मेडिकल सुपरव्हिजन’ हे शब्द इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. त्रिभुवनकीर्तीसारख्या कल्पास हे लागू पडते. हे शब्द कायद्याचे असल्याने त्यांत फेरफार करू नये. परंतु त्या वाक्यात देखरेख कोणाची हे नाही. म्हणून पुडीवर किंवा चिठ्ठीवर आपण मराठीत कर्त्यासह लिहावे : ‘ही गोळी तुम्ही सकाळी जेवणानंतर घ्या. आठव्या दिवशी मला दाखवा. तोंड सुन्न वाटले तर गोळी थांबवा आणि लगेच कळवा.’ कोणी काय करावयाचे यात शंका राहत नाही. रुग्णासाठीच्या इंग्रजी सूचनाही ‘टू बी टेकन विथ मिल्क’ऐवजी ‘टेक विथ मिल्क’ अशा आज्ञार्थी, सरळ असाव्यात.

पत्र पाठविण्यापूर्वी

संदर्भपत्र लिहून झाल्यावर ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढावी आणि तेथे पॅसिव्ह असेल तर स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. कर्ता मला ठाऊक आहे काय? तो कळल्याने वाचणाऱ्याच्या निर्णयात फरक पडेल काय? तो चुकीचा समजला गेला तर रुग्णाचे किंवा कोणाचे नुकसान होईल काय? तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर पॅसिव्ह खुशाल राहू द्यावा. कर्ता ठाऊक असून उरलेल्या दोहोंपैकी एकाचे जरी उत्तर ‘होय’ असेल, तर कर्ता लिहून वाक्य सरळ करावे. आणि कर्ता ठाऊक नसेल, पण कळणे गरजेचे असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे : ‘आय डू नॉट नो हू गेव्ह द इंजेक्शन.’ त्यात कमीपणा नाही. वैद्याच्या प्रामाणिकपणाची ती खूण आहे.

माझ्या टेबलावर त्या आजींच्या पत्राची प्रत अजून आहे. चुकीचा शब्द त्यात एकही नाही. काळ बरोबर, रूप बरोबर, शुद्धलेखन बरोबर. व्याकरणाच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. आजी आता नेमाने गोळ्या घेतात. कारण त्या कोणी सोडल्या होत्या हे पुढच्या पत्रात मी पहिल्याच ओळीत लिहिले, आणि वाचणाऱ्या डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून समजावले.